उष्णता कृती आराखडा : नैतिक प्रश्न

उष्णतेच्या लाटेतील मृत्यू टाळण्यासाठी महापालिका, जिल्हा वा राज्य यांनी केलेली पूर्वतयारीची योजना. हवामानाचा इशारा, रुग्णालयांची सज्जता, पाणपोया व कामाच्या वेळांतील बदल हे तिचे परिचित भाग.

भारतातील पहिला आराखडा कोणता, याविषयी मतभेद आहेत. बहुतेक लेखनात तो मान अहमदाबादला मिळतो. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८° से.वर गेला, त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवले, आणि २०१३ मध्ये महापालिकेने आराखडा लागू केला. ओडिशात मात्र १९९८ च्या लाटेत २,०४२ जण दगावल्याची सरकारी नोंद असून, उन्हाळी पूर्वतयारी तेथे साधारणतः त्यानंतर सुरू झाली असे दिसते. तापमानाच्या टप्प्यांनुसार इशारे देणारा लेखी आराखडा ही कसोटी धरल्यास अहमदाबादचा दावा अधिक ग्राह्य ठरतो. तरी ओडिशाचे श्रेय वगळणे न्याय्य नाही. फिलाडेल्फिया (१९९५) व फ्रान्स (२००४) येथील व्यवस्था अहमदाबादच्या आधीच्या आहेत.

लाट जाहीर होण्यासाठी कमाल तापमान मैदानात किमान ४०°, किनाऱ्यावर ३७° व डोंगराळ भागात ३०° असावे लागते. शिवाय ते साधारणतः सरासरीहून बरेच अधिक असावे लागते. हा निकष तांत्रिक भासला, तरी संरक्षण कोणाला मिळणार हे त्यानेच ठरते. दमट हवा आणि पत्र्याच्या घरात रात्रभर न उतरणारा उकाडा त्यात पुरेसा येत नाही. दमट हवेचे उदाहरण म्हणजे, १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या शासकीय सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. मोजणीचेही तसेच : केवळ उष्माघाताचे दाखले मोजले, तर हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेलेले गरीब हिशेबाबाहेर राहतात.

दुपारी काम थांबवण्याचा सल्ला योग्यच. परंतु बुडालेल्या मजुरीची भरपाई नसेल, तर संरक्षणाचा खर्च मजुरावरच पडतो. असंघटित क्षेत्रातील कष्टकरी स्त्रियांच्या ‘सेवा’ संघटनेने २०२३ मध्ये गुजरातेतील सदस्य स्त्रियांसाठी तापमानाशी जोडलेला विमा आणला, तो याच उणिवेवर.

सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या दिल्लीतील धोरण-अभ्यास संस्थेने २०२३ मध्ये तपासलेल्या ३७ आराखड्यांपैकी केवळ २ मध्ये अधिक धोक्यातील लोकांचे रीतसर मूल्यमापन आढळले. उष्णतेची लाट दीर्घकाळ राष्ट्रीय अधिसूचित आपत्तींत नव्हती. राज्यांना ती स्थानिक आपत्ती ठरवून राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या १० टक्क्यांपर्यंतच खर्च करता येई.