स्वयंचं सर्टिफिकेट आलं, मग क्रेडिट का मिळालं नाही? कोर्स घेण्याआधी वाचा

निकाल लागला की आठवडाभरात कोणीतरी येतंच. मागच्या वेळी राधानगरीकडची एक मुलगी आली होती. सकाळची पहिली एसटी धरून, ऑफिस उघडायच्या आधी दारात. फाईलमध्ये रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, स्वयं या सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलचं. अडुसष्ट मार्क, अगदी खरे, रात्री जागून मिळवलेले. आणि कॉलेजच्या गुणपत्रिकेवर त्याच विषयासमोर गैरहजर. "सर, सर्टिफिकेट आलंय की. मग ह्यात का न्हाई?"

कारण कोर्स घेण्याआधी तिने कॉलेजकडून लेखी काहीच घेतलं नव्हतं. वर्गात कोणीतरी "स्वयंवरून केलं तरी चालेल" असं सांगितलं होतं, एवढ्या भरवशावर तिने कॉलेजचा पेपर दिला नाही. अशी मुलं दर सत्राला बघतोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय. शिवाजी विद्यापीठाच्या तिन्ही जिल्ह्यांत, म्हणजे कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात, जे विद्यार्थी स्वयंचा कोर्स क्रेडिटसाठी, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या श्रेयांकांसाठी, घेणार आहेत त्यांनी, आणि त्यांच्या पालकांनीही, हे वाचावं.

स्वयं म्हणजे काय, थोडक्यात

केंद्र सरकारचं हे ऑनलाइन शिक्षणाचं पोर्टल जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. शिकायला पैसे लागत नाहीत. व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वाध्याय आणि शंका विचारायची जागा, असे कोर्सचे चार भाग असतात. कोर्स वेगवेगळ्या संस्था चालवतात, त्यांना राष्ट्रीय समन्वयक म्हणतात. आपल्या मुलांचा संबंध येतो तो मुख्यतः एनपीटीईएल (आयआयटींचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम), यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग), सीईसी (यूजीसीचीच कोर्स तयार करणारी संस्था) आणि इग्नू (मुक्त विद्यापीठ) यांच्याशी. शिकण्यासाठी पात्रतेची अट नाही, कोणीही शिकू शकतं. पण क्रेडिट हवं असेल तर तुमचा प्रवेश चालू असला पाहिजे आणि तुमच्या संस्थेने तो कोर्स मान्य केलेला असला पाहिजे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमावलीप्रमाणे एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी जास्तीत जास्त ४० टक्के असे घेता येतात. आधी ही मर्यादा २० टक्के होती, आणि काही ऑफिसांत अजून तोच आकडा सांगितला जातो.

ज्या कागदावाचून सगळं अडतं

सर्टिफिकेट म्हणजे क्रेडिट नव्हे. सर्टिफिकेट सांगतं की तुम्ही कोर्स पास झालात. तो कोर्स तुमच्या कुठल्या पेपरच्या जागी धरायचा, हे तुमचं कॉलेज किंवा विद्यापीठ ठरवतं, आणि ते कोर्स सुरू होण्याआधी ठरायला हवं. या पूर्वमान्यतेचा कागद मी दहा मुलांकडे मागितला तर नऊजणांकडे नसतो. बऱ्याचजणांना असा काही कागद असतो हेच पहिल्यांदा कळतं.

तो कुठे मिळतो? कॉलेज स्वायत्त असेल, उदाहरणार्थ विवेकानंद, तर मान्य कोर्सची यादी कॉलेजची स्वतःची विद्यापरिषद ठरवते. संलग्न कॉलेज असेल तर विद्यापीठाचं परिपत्रक बघावं लागतं. दोन्हीकडे तुमचा पहिला माणूस एकच, कॉलेजचा स्वयं समन्वयक. कॉलेजात एनपीटीईएलचं लोकल चॅप्टर, म्हणजे स्थानिक केंद्र, असेल तर त्याचा प्रमुख, म्हणजे संपर्काचा माणूस, ज्याला सगळे एसपीओसी म्हणतात. हे कोण आहेत ते आधी शोधा. नोटीस बोर्डावर नाव नसेल तर प्राचार्यांच्या ऑफिसात विचारा.

अर्ज साधा असतो, पण त्यातला तपशील काटेकोर हवा. कोर्सचं नाव पोर्टलवर आहे तसंच अक्षर न अक्षर, त्याचा कोड, किती आठवड्यांचा, किती क्रेडिटचा, कोणता राष्ट्रीय समन्वयक. मग तुमच्या पेपरचं नाव, पेपर कोड, सत्र. "कॉम्प्युटरचा एक कोर्स" असं लिहिलेले अर्ज मी स्वतः परत केले आहेत, कारण पुढे परीक्षा विभागात ते कोणालाच लावता येत नाहीत. सही आणि शिक्का घेऊन एक प्रत आपल्याकडे ठेवा.

आता क्रेडिटच्या हिशेबाची गोम. एनपीटीईएलमध्ये ४ आठवड्यांना १, ८ आठवड्यांना २ आणि १२ आठवड्यांना ३ क्रेडिट असतात. तुमचा पेपर ४ क्रेडिटचा असेल तर १२ आठवडे खपूनही एक क्रेडिट कमी पडतं. ते कसं भरून काढायचं हे नंतर कोणी ठरवत बसत नाही, पेपर नामंजूर होतो. ओपन इलेक्टिव्हला २ क्रेडिट असतील तर ८ आठवड्यांचा कोर्स बरोबर बसतो. त्यामुळे कोर्सच्या पानावर आधी क्रेडिटचा आकडा वाचा, विषय आवडतो की नाही ते मग बघा. पदवीच्या मुलांनी पदव्युत्तर पातळीचा कोर्स उचलू नये. मुख्य विषयात जे शिकताय तेच दुसऱ्या नावाने घेऊ नये. आणि 'सेल्फ पेस्ड', म्हणजे आपल्या सवडीने करायचा, असं लिहिलेला कोर्स क्रेडिटसाठी घेऊ नये, तो फक्त ज्ञानासाठी असतो.

इथे ऑफिसांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्वयं पुढच्या सत्राची यादी जाहीर करतं, तेव्हापासून चार आठवड्यांत कोणते कोर्स चालतील ते ठरवावं, असं नियमावलीतच आहे. प्रत्यक्षात यादी मुलांपर्यंत पोचते तेव्हा नाव नोंदवायची मुदत संपत आलेली असते. मुलाला एक दिवसाचाही उशीर चालत नाही आणि कागद मात्र टेबलावर तीन आठवडे पडून राहतो, हे बरोबर नाही.

दोन तारखा, दोन फॉर्म

नामंजुरीचं दुसरं मोठं कारण हे. पोर्टलवर 'जॉइन' दाबलं की मुलांना वाटतं सगळं झालं. ते फक्त एन्रोलमेंट, तेही फुकट. परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो, वेगळ्या पानावर असतो, त्याची मुदत वेगळी आणि फी वेगळी. एनपीटीईएलच्या परीक्षेला एका कोर्सला हजार रुपये लागतात, एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत आहे. सीईसी, यूजीसी, इग्नू यांच्या कोर्सची परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते. तिचा फॉर्म एनटीएच्या साइटवर, आणि त्याच्या तारखा एनपीटीईएलशी जुळतीलच असं नाही. मैत्रिणीची तारीख बघून स्वतःचा फॉर्म भरायला गेलेल्या मुली हात हलवत परत आल्या आहेत, कारण एकीचा कोर्स एनपीटीईएलचा आणि दुसरीचा सीईसीचा.

कोर्स सुरू झाला त्याच दिवशी कोर्सच्या पानावरच्या दोन्ही तारखा वहीत लिहा. फॉर्म भरताना तोच ईमेल द्या ज्याने स्वयंवर नोंदणी केली आहे. नेट कॅफेवाल्याचा ईमेल देऊ नका, कृपा करा. निकाल, हॉलतिकीट, दुरुस्तीची सूचना, सगळं त्याच्याकडे जातं आणि चार महिन्यांनी त्यालाही पासवर्ड आठवत नाही. पैसे खात्यातून गेले म्हणजे फॉर्म भरला असं समजू नका. दुसऱ्या दिवशी लॉगिन करून स्थिती बघा आणि पावती उतरवून ठेवा. परीक्षेच्या शहरांत कोल्हापूर दिसत असेल तर लगेच निवडा. जागा भरल्या की लांबच्या गावाला जावं लागतं, आणि सकाळी नऊच्या पेपरला आदल्या रात्रीच निघावं लागतं.

नाव

आपल्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेक वेळा स्वतःचं नाव आधी. शिवाय कोणाचं 'शिवाजीराव' आधारवर 'शिवाजी' झालेलं, कोणाच्या मधल्या नावाचं स्पेलिंग वेगळं, लग्न झालेल्या मुलींचं तर आडनावच वेगळं. क्रमाचा फरक सहसा निभावतो. स्पेलिंगचा आणि आडनावाचा निभावत नाही.

हे आता जास्त महत्त्वाचं झालंय, कारण क्रेडिट जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसी खात्यात. ही व्यवस्था जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. बारा अंकी आयडी डिजिलॉकरमधून काढायचा, आणि डिजिलॉकरला आधार लागतं. म्हणजे एबीसीवर नाव आधारचं, परीक्षा विभागात नाव बारावीचं, आणि सर्टिफिकेटवर तुम्ही फॉर्ममध्ये टाईप कराल ते. तिन्ही जुळवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

आधारमधली दुरुस्ती करायची असेल तर विचार करून करा. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आणि बऱ्याचजणांचं खरं अडतं ते ओटीपीवर. आधारला वडिलांचा जुना नंबर जोडलेला असतो, तो बंद पडून वर्षं झालेली असतात. मोबाईल नंबर जोडायला कागद लागत नाही, आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन तो जोडता येतो. घरबसल्या करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. हे काम कोर्सच्या पहिल्या आठवड्यातच उरका. निकालानंतर धावपळ करून उपयोग नाही.

अभ्यास आणि परीक्षा

असाइनमेंट आणि अंतिम परीक्षा, दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागतात. एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटचे २५ पैकी १० आणि परीक्षेचे ७५ पैकी ३०. परीक्षेत ७० मिळवून असाइनमेंटमध्ये ८ वर राहिलेला मुलगा नापास झालेला मी पाहिलाय. त्याच्या घरच्यांना हे समजावून सांगणं फार जड गेलं.

जुलैच्या सत्राला आपल्याकडे पावसाची अडचण ठरलेली. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की शिरोळ, करवीरकडच्या मुलांची वीज आणि रेंज दोन्ही जातात. पुढे गणपती येतात. १२ आठवड्यांच्या कोर्सला एनपीटीईएल सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतं, ८ आठवड्यांच्या कोर्सला ६. ही सवलत पुरासाठी राखून ठेवा, सुरुवातीला आळसात घालवू नका. मुदत संपायच्या रात्रीची वाट न बघता व्हिडिओ झाला की लगेच सोडवून टाका. घरी नेट नसेल तर कॉलेजची लॅब आणि लायब्ररी मागून घ्या. या सोयी मोफत द्याव्यात असं यूजीसीच्या नियमात आहे, ते उपकार नव्हेत.

टेलिग्रामवरची तयार उत्तरं उतरवून असाइनमेंटचे मार्क मिळतात, पण परीक्षा केंद्रावर, पर्यवेक्षकासमोर होते. तिथे टेलिग्राम नसतो. परीक्षेला हॉलतिकिटाची प्रिंट आणि मूळ ओळखपत्र न्या. मोबाईलमधला फोटो दाखवून आत सोडत नाहीत.

निकालानंतर

सर्टिफिकेट पोस्टाने येत नाही, स्वतः डाउनलोड करायचं. त्याची प्रिंट, पूर्वमान्यतेची प्रत, परीक्षा फीची पावती, एबीसी आयडी आणि चालू सत्राची गुणपत्रिका किंवा हॉलतिकीट, एवढं जोडून समन्वयकांकडे अर्ज द्या. आपलं क्रेडिट आपोआप गुणपत्रिकेवर येईल असं धरून चालू नका. कॉलेजने परीक्षा विभागाला नाव पाठवल्याशिवाय ते येत नाही, आणि पाठवायची मुदत कॉलेजच्या नोटिशीत कुठेतरी एका ओळीत असते. एबीसीवर क्रेडिट दिसतंय का तेही डिजिलॉकर उघडून बघा. तिथे ते जास्तीत जास्त सात वर्षं राहतं.

तरी नाही म्हणाले तर? आधी कारण लेखी मागा. मान्य यादीतला कोर्स नीट पास केलेला असेल तर त्याचं क्रेडिट नाकारता येत नाही, हे नियमावलीत आहे. पूर्वमान्यता नसेल तर मात्र तुमची बाजू खरोखर कमकुवत आहे. तरी विभागप्रमुखांकडे कोर्सचा अभ्यासक्रम छापून न्या आणि तुमच्या पेपरशी तो किती जुळतो ते दाखवा. राधानगरीच्या त्या मुलीचं काम असंच, विभागाच्या शिफारशीवर, पुढच्या सत्रात मार्गी लागलं, पण तोवर ती गैरहजरचा शेरा घेऊन फिरली. अर्ज तोंडी देऊ नका. दोन प्रती करा, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच खिडकीवरून हला.