ढिगाऱ्याखालचं पोटॅशियम

भूकंपात भिंतीखाली पाय अडकलेला माणूस काही तासांनी जिवंत निघतो, बोलतो, पाणी मागतो. आणि थोड्याच वेळात त्याचं हृदय थांबतं. सुटका झाल्यावर मरण का यावं?

स्नायूंच्या पेशींत पोटॅशियम रक्तापेक्षा तीसपट किंवा त्याहूनही जास्त असतं. पेशी चिरडल्या आणि वरचा दाब हटला की ते रक्तात उतरतं. रक्तातलं प्रमाण लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असायला हवं, ६.५ च्या पुढे हृदयाचा ताल कधीही बिघडू शकतो. त्यात स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात तुंबतं, म्हणजे पोटॅशियम बाहेर पडायची वाटही बंद. तुर्कस्तानातल्या १९९९ च्या मार्मारा भूकंपात अशा ६३९ जणांची मूत्रपिंडं बाधित झाली. ४७७ जणांना डायलिसिस लागलं.

यातलं कोणाला आधी हलवायचं, हे तंबूतच ठरवावं लागतं. तिथे आय-स्टॅटसारखं हातात मावणारं यंत्र कामी येतं. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात सरकवायच्या छोट्या चाचणी-डबीत, रक्ताचे दोन-तीन थेंब टाकले की दोनेक मिनिटांत पोटॅशियमचा आकडा येतो, योग्य कार्ट्रिज असेल तर मूत्रपिंडाचं काम सांगणाऱ्या क्रिएटिनिनचाही. अशा संवेदकांच्या पडद्यात बहुधा व्हॅलिनोमायसिन वापरतात. या रेणूच्या कड्यात पोटॅशियम नेमकं बसतं, सोडियम नाही. त्यातून निर्माण होणाऱ्या विद्युतदाबावरून प्रमाण कळतं.

यंत्रापेक्षा कार्ट्रिजचे लाड जास्त. ती एरवी २ ते ८ अंशांत ठेवायची आणि चाचणी १६ ते ३० अंशांत करायची. तुर्कस्तानात २०२३ चा भूकंप झाला तो फेब्रुवारीच्या कडाक्यात. गारठ्यात हे यंत्र ‘तापमान मर्यादेबाहेर’ म्हणून काम नाकारतं. निदान खोटं तरी बोलत नाही!

खोटं बोलतो तो नमुना. बोट पिळून रक्त काढलं की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम आकडा फुगवतं. मोठ्या प्रयोगशाळेत असं रक्त गरगर फिरवून वेगळा केलेला द्रव गुलाबी दिसतो, तंत्रज्ञ लगेच ओळखतो. इथे रक्त अख्खंच तपासलं जातं, त्यामुळे हा दोष सहसा दिसतच नाही.

म्हणून शेजारी ईसीजी हवा. त्याच्या आलेखातल्या टी-लहरी (प्रत्येक ठोक्याच्या शेवटचा उंचवटा) उंच, टोकदार दिसल्या तर दुसऱ्या नमुन्यासाठी न थांबता शिरेतून कॅल्शियम देतात. पण ईसीजी ठीक आहे म्हणून पोटॅशियमही ठीक, असं धरता येत नाही. मग शिरेतून नीट रक्त काढून पुन्हा तपासायचं.