भोटेकोशीचे धोंडे आणि ड्रोनची नजर

५ जुलै २०१६ च्या रात्री तिबेटमधलं एक हिमसरोवर फुटलं आणि खाली नेपाळमध्ये भोटेकोशी नदीला पूर आला. तळं अगदी लहान होतं. त्यात सुमारे एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी असेल. तेवढ्या पाण्याने प्रचंड धोंडे हलवले, काठ खरवडले आणि ४५ मेगावॉटच्या अप्पर भोटेकोशी वीजप्रकल्पाचं मोठं नुकसान केलं. खोऱ्यात आधीच बसवलेल्या भूकंपमापकांनी हा पूर टिपला. त्या नोंदींवरून क्रिस्टन कुक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की एरवीच्या पावसाळी पुरांना जे धोंडे दाद देत नाहीत, ते असे पूर हलवतात. म्हणूनच हिमालयातल्या नद्यांचा इतिहास वाचायचा तर पाण्याइतकंच धोंड्यांकडेही बघायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

पण अशा उभ्या दरीत धोंडे मोजायचे कसे? उपग्रहाच्या चित्रात ढग आणि कड्यांच्या सावल्या आड येतात. ड्रोन पन्नास-साठ मीटर उंचीवरून उडतो, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरचा तपशीलही दिसतो. लागोपाठच्या फोटोंमध्ये ७० ते ८० टक्के भाग सामाईक ठेवतात. एकच धोंडा अनेक कोनांतून दिसला, की संगणक त्याचा त्रिमित नकाशा उभा करतो. जमिनीवर रंगवलेल्या खुणांची जागा जीपीएसने मोजून नकाशा नेमका बसवतात. मग पुराआधीचा आणि नंतरचा नकाशा एकमेकांवर ठेवला, की कोणता धोंडा सरकला ते उघड होतं.

या नकाशात एकच धोंडा जवळून पाहा. त्याच्या वरच्या अंगाला प्रवाहाने कोरलेली चंद्रकोरीसारखी खळगी, खालच्या अंगाला वाळू-गोट्यांची निमुळती शेपटी. पूर कुठून आला हे त्यावरून कळतं. धोंडा दोन मीटर व्यासाचा असेल, तर वजन साधारण ११ टन. तो हलवायला पाण्याला सेकंदाला सुमारे सात मीटर वेग लागतो, असं नेहमीच्या वापरातलं एक सूत्र सांगतं.

मात्र ड्रोनला दिसते ती फक्त वरची बाजू. गाळात रुतलेला भाग मोजायला माणसालाच टेप घेऊन पात्रात उतरावं लागतं. शिवाय प्रत्येक मोठा धोंडा पुराने आणलेला नसतो. कित्येक थेट कड्यावरून कोसळलेले असतात. अशांच्या कडा सहसा धारदार राहतात, आणि खडकाची जातही वरच्या कड्याशी जुळते.