वाद्यवृंदातील घंटा आणि मेंदूने रचलेला स्वर

चर्चच्या मनोऱ्यातील घंटा वाद्यवृंदात आणायची म्हटले, की पहिली अडचण वजनाची येते. घंटेची घडण तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा, तर तिची सर्व मापे दुप्पट करावी लागतात आणि वजन आठपट होते. दोन सप्तके खाली जायचे तर ते चौसष्टपट होते. म्हणूनच फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८३० च्या ‘सिंफनी फँटास्टिक’मध्ये घंटा योजताना, पुरेशा खर्जाच्या घंटा न मिळाल्यास पियानो वापरण्याची मुभा दिली. जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘पार्सिफाल’ या ऑपेरासाठी तर १८८२ मध्ये जर्मनीतील बायरॉइट येथे तारांवर हातोड्यांनी आघात करणारे खास वाद्यच पियानो बनवणाऱ्या श्टाइनग्रेबर यांच्याकडून घडवून घेतले गेले.

आज वाद्यवृंदात बहुधा दिसतात त्या उभ्या टांगलेल्या धातूच्या नळ्या. घंटेशी त्यांचे रूपसाम्य मुळीच नाही, तरीही त्यांच्या नादाने चर्च आठवते, आणि याचे कारण मला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. नळी एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. त्यांपैकी चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या कंपनांच्या वारंवारता ८१, १२१ आणि १६९ या, म्हणजे जवळपास २:३:४ या प्रमाणात असतात. मेंदू त्यांना एकाच स्वराचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, मानतो आणि चौथ्या कंपनाच्या एक सप्तक खालचा स्वर ऐकतो. प्रत्यक्षात त्या वारंवारतेचे कंपन नळीत नसतेच. चर्चच्या घंटेवरील आघाताचा स्वरही असाच मेंदूत घडतो. घंटेत मात्र त्याच्या जोडीला कोमल गांधाराच्या जागी एक ठळक उपस्वर असतो, आणि तिच्या नादातील उदास छटा बरीचशी त्यातून येते. १७३९ च्या वसईविजयानंतर पोर्तुगिजांच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील किंवा भीमाशंकरच्या घंटेत हा गांधार कान देऊन शोधण्याजोगा आहे.

जपानी संगीतकार तोशिरो मायुझुमी यांनी वेगळी वाट धरली. बौद्ध मंदिरांतील घंटांच्या नादाचे त्यांनी ध्वनिशास्त्रीय विश्लेषण केले आणि त्यातून हाती आलेले उपस्वर १९५८ च्या ‘निर्वाण सिंफनी’त निरनिराळ्या वाद्यांना वाटून दिले. वादकांचे गटही त्यांनी सभागृहात वेगवेगळ्या ठिकाणी बसवले, त्यामुळे एकाच घंटेचे घटक श्रोत्यापर्यंत अनेक दिशांनी पोहोचतात.