रात्री फोन करण्याआधी मास्कचे पट्टे सैल करून पाहा

हे पत्रक सीपॅप मशीनच्या पिशवीत मुद्दाम सगळ्यात वर ठेवलं आहे. सीपॅप म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडण्याच्या आजारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन. मशीनसोबतचं जाडजूड पुस्तक कुणी उघडत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून निदान हे तरी पहिल्या रात्रीच्या आधी वाचा. घरच्यांनाही वाचायला द्या. घोरणारा झोपलेला असतो, जागे तेच असतात.

नवीन मशीन नेल्यावर आठवडाभरात जो फोन येतो त्यातलं वाक्य ठरलेलं असतं: "मशीन लीक होतंय, बदलून द्या." ग्राहक मशीन घेऊन येतात, आम्ही जोडून बघतो, मशीन ठणठणीत. मग मास्क हातात घेतो. चारही पट्टे शेवटच्या टोकापर्यंत ओढलेले, वेलक्रो पार मागे जाऊन चिकटलेलं आणि ग्राहकाच्या नाकाच्या हाडावर लाल वळ. यात तुमचा अर्धा दिवस जातो, आमचाही जातो. त्याहून वाईट म्हणजे मधल्या तीन-चार रात्री मशीन कपाटात पडून असतं आणि तुमचा श्वास पूर्वीसारखाच अडत असतो.

मास्क गळतोय तर घट्ट करा, असं कुणालाही वाटेल. पण कुशनची कड जरा बोटाने उचलून पाहा. सिलिकॉनच्या बहुतेक मास्कमध्ये चेहऱ्याला टेकणारा एक पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या मागे जाड आधार. मशीनची हवा पापुद्र्यामागे शिरते, तो फुगतो आणि नाका-गालाच्या चढउतारांवर आपसूक बसतो. पट्टे करकचून आवळले की पापुद्रा आधारावर दाबला जातो, त्याला फुगायला जागाच उरत नाही. मग घडी पडते आणि हवा त्या घडीतून सुटते, बहुधा वरच्या बाजूने थेट डोळ्यात. डोळ्याला वारा लागला की माणूस झोपेतच पट्टा आणखी ओढतो. पुढचं सांगायला नको.

दुसरी गंमत अशी की बहुतेक जण मास्क पलंगावर ताठ बसून, मशीन बंद असताना लावतात. आडवं झाल्यावर गाल सैल पडतात, जबडा मागे सरकतो आणि चेहऱ्याचा आकारच बदलतो. बसून नेमका बसवलेला मास्क झोपल्यावर नेमका राहत नाही. म्हणून आधी उशीवर डोकं टेका, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर वळा, मशीन चालू करा आणि मग मास्क लावा. चारही पट्टे आधी सैल करा. मास्क चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढून धरा, पापुद्रा फुगू द्या आणि अलगद परत टेकवा. आता खालचे दोन पट्टे, दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढा, मग वरचे. हवा सुटायची थांबली की तुम्हीही थांबा. पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे.

यात एक मेख आहे. सुरुवातीला त्रास होऊ नये म्हणून मशीन कमी दाबाने, बऱ्याचदा ४ सेंटीमीटर पाण्याच्या दाबाने, सुरू होतं आणि हळूहळू वर जातं. तुम्ही ४ वर मास्क बसवता, झोप लागते, दाब १०-११ वर जातो आणि रात्री दोन वाजता फुरफुर सुरू होते. बऱ्याच मशीनमध्ये 'मास्क फिट' नावाची सोय असते. ती दाबली की थोडा वेळ वाढीव दाब मिळतो. मास्क तेव्हाच तपासा. बटण सापडत नसेल तर इथून निघण्याआधी आमच्याकडून दाखवून घ्या, लाजू नका.

एक गळती मात्र मुद्दाम ठेवलेली असते. मास्कच्या पुढच्या भागात किंवा नळीच्या जोडाजवळ बारीक भोकं असतात, तिथून सतत हवा येते. तुम्ही सोडलेला श्वास त्याच वाटेने बाहेर पडतो. एका गृहस्थांनी आवाज नको म्हणून या भोकांवर चिकटपट्टी लावली होती. असं कधीही करू नका. भोकं बंद केली की सोडलेला कार्बन डायऑक्साइड मास्कमध्येच फिरत राहतो.

सकाळी तोंड कोरडं पडत असेल आणि मास्क फक्त नाकावरचा असेल, तर हवा बहुधा उघड्या तोंडातून जात असते. पट्टे कितीही ओढले तरी त्यावर इलाज होणार नाही. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागेल का ते पाहू. नाक नेहमीच चोंदलेलं असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

हे मशीन पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी वापरलं आणि १९८१ साली पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हाचे मास्क रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवावे लागत. चिकटवण्याचा त्रास संपला, मास्क बसवण्याचा अजून संपलेला नाही. तत्त्व मात्र तेच आहे: झोपेत घशाचे स्नायू आणि जीभ सैल पडून वाट मिटते, तिला हवेच्या दाबाने आतून टेकू द्यायचा. टेकू हलला की वाट पुन्हा मिटते. झोपेच्या तपासणीच्या रिपोर्टमधला एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा खूप कमी झाला. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा.

म्हणूनच पहाटे मास्क काढून ठेवू नका. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असतात आणि अनेकांचा त्रास तेव्हाच वाढतो. "चार तास लावलं, पुरे झालं" असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय आम्ही मशीन देत नाही, यावर काही जण रागावतात. घोरणारा प्रत्येक जण या आजाराचा रुग्ण नसतो. शिवाय काहींचा श्वास घसा मिटल्याने नव्हे तर मेंदूकडून इशाराच न आल्याने थांबतो, त्यांचं मशीन वेगळं असू शकतं. नुसतंच घोरणं असेल, तर कुशीवर झोपणं, दारू आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं आणि वजन कमी करणं यातून बराच फरक पडतो, आणि आम्ही तसंच सांगतो. सौम्य ते मध्यम त्रासात काहींना खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरणही चालतं. ते दंतवैद्य बनवतात, आमच्याकडे मिळत नाही. वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनबद्दल हल्ली रोज कुणीतरी विचारतं. त्यातल्या टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मंजुरी मिळाली, हे खरं आहे. पण वजन उतरेपर्यंत घसा रोज रात्री मिटतच असतो. वजन उतरलं म्हणून मशीन आपल्या मनाने बंद करू नका, आधी झोपेची तपासणी पुन्हा करा.

मास्क वापरून झाल्यावर आम्ही परत घेत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तोंडावर जाऊ शकत नाही, हे तुम्हालाही पटेल. म्हणूनच घेताना तीन मापं लावून, आडवं झोपवून, मशीन चालू ठेवून बघतो. घाई असेल त्या दिवशी येऊ नका.

देखभाल थोडक्यात. चेहरा धुऊन कोरडा करा, रात्री क्रीम लावू नका. दाढी असेल तर सांगा, दुसऱ्या प्रकारचा मास्क दाखवू. कुशन रोज साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, स्पिरिट नको. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घाला आणि सकाळी उरलेलं ओतून द्या. त्वचेच्या तेलाने कुशन काही महिन्यांत मऊ, चिकट होतं. पूर्वी नीट बसणाऱ्या मास्कचे पट्टे हल्ली जास्त ओढावे लागत असतील तर कुशन संपलंय असं समजा. नुसतं कुशन वेगळं मिळतं, पूर्ण मास्क घ्यायची गरज नाही.

आठवड्याने मशीनमधलं कार्ड घेऊन या. किती तास लावलं, हवा किती सुटली आणि श्वास अजून किती वेळा अडला हे त्यात दिसतं. मशीन लावूनही एएचआय ५ च्या वर राहत असेल तर तो आकडा तुमच्या डॉक्टरांकडे जायला हवा. दाब आम्ही परस्पर बदलत नाही.

आणि फोन करायचाच असेल तर मास्क लावून, आडवं होऊन, मशीन चालू ठेवून करा. फोन घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि त्यांना तो मास्कच्या कडेने हळूहळू फिरवायला सांगा. हवा कुठून सुटते ते पुष्कळदा आवाजावरून कळतं, फेरी वाचते.