मॅन्युअल थेरपी आणि वेदनाशमन

फिजिओथेरपिस्टने कोणतेही यंत्र न वापरता, हातांनी सांधे, स्नायू आणि त्वचेवर दाब, ताण किंवा हालचाल देऊन करायचा उपचार म्हणजे मॅन्युअल थेरपी. सांधा लयीत पुढेमागे हलवणे याला मोबिलायझेशन आणि क्षणात दिलेल्या नेमक्या झटक्याला मॅनिप्युलेशन म्हणतात. स्नायूंचे मर्दनही यातच येते. या उपचाराने दुखणे कमी होते हे रुग्णांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ते का कमी होते, याचे उत्तर मात्र गेल्या साठ वर्षांत पार बदलले.

जुने उत्तर सोपे होते: काहीतरी जागचे हलले होते, ते बसवले. आपल्याकडचे हाडवैद्य हेच सांगत. अमेरिकेत १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी कायरोप्रॅक्टिक सुरू केले, तेव्हा त्याच्या मुळाशी मणका किंचित सरकण्याचीच कल्पना होती. ‘कट्’ असा आवाज आला की हाड बसले, असे आजही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी निगडित आवाज आहे. बोटे मोडतानाही तोच येतो.

या समजुतीची सर्वांत थेट परीक्षा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाली. कंबरेचे हाड आणि त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड) यांच्यामधला सांधा ‘सरकला’ असल्याचे निदान झालेल्या दहा रुग्णांच्या हाडांत टँटलम धातूचे बारीक मणी बसवून मॅनिप्युलेशनच्या आधी आणि नंतर क्ष-किरणांनी अचूक मोजणी केली. हाताने केलेल्या तपासण्यांचे निकाल उपचारानंतर बदलले. हाडे मात्र होती तिथेच राहिली.

मग बदलते काय? याचा पहिला भक्कम धागा १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धांतातून मिळाला. कोपर दाराला आपटले की आपण विचार न करता ते चोळतो. स्पर्श आणि दाब यांचे संदेश जाड, वेष्टन असलेल्या मज्जातंतूंतून सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने धावतात. बोथट, रेंगाळणाऱ्या दुखण्याचे संदेश बारीक, वेष्टन नसलेल्या तंतूंतून सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतात. दोन्ही मज्जारज्जूच्या मागच्या करड्या भागात, म्हणजे पश्चशृंगात, पोहोचतात. तिथे जाड तंतू काही मधल्या पेशींना जागे करतात आणि त्या पेशी वेदनेचा संदेश वर जाण्याआधीच दाबतात. स्पर्श आधी पोहोचतो म्हणून जिंकतो, असा याचा अर्थ अनेकदा लावला जातो, पण तो चुकीचा आहे. ही शर्यत नाही, दारावरची अडवणूक आहे. मूळ सिद्धांतातले काही तपशील पुढे टिकले नाहीत. मज्जारज्जूतच वेदना कमीजास्त होते, ही मुख्य कल्पना टिकली.

दुसरा मार्ग वरून खाली येतो. मध्यमस्तिष्कातल्या एका करड्या भागाला विजेने चेतवले की उंदरावर भूल न देता पोटाची शस्त्रक्रिया करता येते, असे १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी दाखवले. तिथून निघणारे तंतू सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या मज्जासंदेश वाहणाऱ्या रसायनांच्या साहाय्याने मज्जारज्जूतले दार आवळतात. हातांचा उपचार हा मार्ग चालू करतो, असे मानायला चांगला आधार आहे. ऑस्ट्रेलियात बिल व्हिसेंझिनो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये टेनिस एल्बोच्या रुग्णांच्या मानेवर मोबिलायझेशन केले आणि दाबल्यावर दुखणे कमी झाले ते कोपराचे. कोपराला उपचाराचा हातही लागला नव्हता.

मालीश केल्याने एन्डॉर्फिन, म्हणजे शरीरातलेच अफूसारखे वेदनाशामक रसायन, सुटते आणि दुखणे थांबते, असे सर्रास लिहिले जाते. पुरावा इतका सरळ नाही. अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन दिल्यावरही कोपरावरच्या हस्तोपचाराचा तात्काळ परिणाम टिकून राहिल्याचे २००४ मधल्या एका अभ्यासात दिसले. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या घोट्यात मिरचीतले कॅप्साइसिन टोचून गुडघा हलवला होता. त्याने कमी झालेली वेदना मज्जारज्जूतली सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिनची ग्राहके (ही रसायने जिथे चिकटून काम करतात त्या जागा) बंद केल्यावर परतली. अफूजन्य रसायनांची ग्राहके बंद करून मात्र काही फरक पडला नाही.

हळुवार स्पर्शाची वाट आणखी निराळी. केसाळ त्वचेत काही बारीक तंतू असे आहेत की जे सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर वेगाने फिरणाऱ्या हाताला सर्वाधिक प्रतिसाद देतात. कुठे स्पर्श झाला यापेक्षा तो सुखद वाटला की नाही, याच्याशी त्यांचा संबंध अधिक. पाठीवरून हात फिरवण्याचा वेग साधारण हाच असतो.

यात रुग्णाची अपेक्षाही मिसळलेली असते आणि तिला फसवणूक म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण तीही याच मज्जामार्गांतून काम करते. अमेरिकेतल्या जोएल बायलोस्की यांच्या गटाने निरोगी लोकांना मॅनिप्युलेशनपूर्वी ‘याने दुखणे वाढेल’ असे सांगितले, तेव्हा प्रयोगात कंबरेला दिलेल्या उष्णतेची वेदना त्यांना खरोखर जास्त जाणवली. महाराष्ट्रात पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत आहे. तिच्यात दाब, स्पर्श आणि दृढ विश्वास तिन्ही आहेत. उसण मुळात काही दिवसांत आपोआप उतरते, हेही त्या पायाच्या पथ्यावर पडते. ‘मणका सरकलाय’ हे शब्द मात्र उलट दिशेने काम करतात. ते ऐकून वाकायला घाबरणारे रुग्ण प्रत्येक फिजिओथेरपिस्टला भेटतात.

व्यवहारात ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलँड यांची चार श्रेणींची पद्धत सर्वदूर शिकवली जाते. दुखणे तीव्र असेल तर पहिल्या दोन श्रेणी, म्हणजे अडथळा लागण्याआधीच थांबणारे झुलते दाब. ताठरपणा प्रमुख असेल तर अडथळ्यात शिरणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणी. अंगठ्याखाली मणक्याचा उंचवटा धरून दाब आत-बाहेर होत राहतो आणि थेरपिस्टचे लक्ष रुग्णाच्या स्नायूंकडे असते. ते आवळले की हात हलका करायचा.

परिणाम बहुधा अल्पकाळ टिकतो, काही मिनिटांपासून काही दिवस. त्या सवलतीत रुग्णाला हालचाल करायला लावणे हा उपचाराचा खरा उपयोग. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी हस्तोपचार व्यायामाच्या जोडीनेच सुचवला आहे, एकटा नाही. अस्थिभंग, हाडातला संसर्ग किंवा कर्करोग, तीव्र अस्थिविरळता असताना तो टाळतात. मानेला झटका दिल्यावर मानेतली रक्तवाहिनी फाटण्याच्या घटना क्वचित नोंदल्या गेल्या आहेत. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर हात न लावता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात पाठवतात.