ऑनलाइन सुरक्षा-शिक्षण, शालेय (पुणे)

इंटरनेटवरचे धोके ओळखणे, ते टाळणे आणि अडकल्यास विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगणे या तीन गोष्टी शाळकरी मुलांना शिकवण्याला ऑनलाइन सुरक्षा-शिक्षण म्हणतात. यांतली तिसरी सर्वांत अवघड असते. व्याख्यानात मात्र ती शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जाते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडून वर्ग मोबाईलवर भरू लागले आणि हा विषय संगणकाच्या तासातून घराघरांत आला. या कामाला लागणाऱ्या बऱ्याच संस्था पुण्यातच आहेत. पाठ्यपुस्तके तयार करणारी बालभारती (१९६७), शिक्षक-प्रशिक्षण पाहणारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि प्रगत संगणनावर संशोधन करणारी सरकारी संस्था सी-डॅक (१९८८) यांची मुख्यालये शहरात आहेत. अँटिव्हायरस बनवणारी क्विक हील ही कंपनीही इथलीच. तिच्या प्रतिष्ठानाच्या उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी शाळांत जाऊन सायबर सुरक्षेविषयी बोलतात. ताई-दादांचे मुले जरा जास्त ऐकतात.

‘अनोळखी माणसाने दिलेले चॉकलेट घ्यायचे नाही’ हे पुण्यातल्या मुलाला बालवाडीपासून पाठ असते. ऑनलाइन तेवढ्याने भागत नाही, कारण गेममधला अनोळखी आठवडाभरात ‘आपल्या टीमचा’ होतो. तो आधी गेममधले डायमंड भेट देतो, मग शाळेचे नाव विचारतो, मग गप्पा दुसऱ्या ॲपवर नेतो, मग फोटो मागतो आणि शेवटी ‘घरी सांगू नकोस’ म्हणतो. चांगला शिक्षक ‘कोणाशी बोलू नका’ एवढ्यावर थांबत नाही, हा क्रम फळ्यावर मांडतो. त्यामुळे दुसऱ्या पायरीवरच मूल सावध होण्याची शक्यता वाढते.

अनेक घरांत फोन आईचा असतो. त्यातच यूपीआय, तिचे ओटीपी आणि गॅलरीत मुलाचे शाळेचे ओळखपत्र. म्हणून हा धडा पालकसभेतही घ्यावा लागतो. दहावीच्या निकालादिवशी गुणपत्रिका आसनक्रमांकासकट स्टेटसला लावणारे पालकच असतात.

फोटोवरून धमकी आली तर पैसे देऊ नयेत, चॅट खोडू नये आणि मुलाचा आक्षेपार्ह फोटो ‘पुरावा’ म्हणून वर्गाच्या किंवा पालकांच्या ग्रुपवर मुळीच टाकू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार असे साहित्य प्रसारित करणे हाच गुन्हा आहे. बालकांसाठी १०९८ आणि आर्थिक फसवणुकीसाठी १९३० या हेल्पलाइन आहेत. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांविषयीच्या अशा साहित्याची तक्रार नाव न देताही करता येते.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे. ती पाचवीतल्या मुलांनाही माहीत असते, म्हणूनच जन्मवर्ष भरताना ती काही वर्षे मागे जातात.

मुले सांगत नाहीत, कारण सांगितले की आधी फोन जातो आणि मग चौकशी सुरू होते. शाळाही कधी ‘नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण आपसांत मिटवू पाहतात. पण २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यात वर्गशिक्षक आले, मुख्याध्यापकही आले. आणि न कळवल्यास शिक्षेची तरतूद कलम २१ मध्ये आहे.